जावयाचे मैल

पायानं न तुडवलेला मैल आपला नसतो, असं छातीठोकपणे सांगणारा अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच माणूस होता, आणि नशिबानं तो माझा सासरा होता. आबांच्या बापजाद्यांनी दर साली शेळगावाहून मेंढरं घेऊन कोकण गाठलेलं. आबांच्या काळात मेंढरं गेली, ऊस आला, पण चालण्याची खोड काही गेली नाही. माझ्याकडे बारामतीला यायचं तरी ते थांब्यावर जेमतेम उभे राहायचे, एसटीला जरा उशीर झाला की चालू लागायचे, आणि मग ती एसटी त्यांना वाटेत धूळ चारून पुढं निघून जायची.

अशा माणसाला धाकट्या जावयानं, म्हणजे माझ्या साडूनं, अमेरिकेतून फोनवर सांगितलं की, कंपनीच्या कामासाठी तो सारखा विमानानं हिंडतो, विमानवाले ते मैल त्याच्या नावावर जमा करतात आणि पुरेसे साठले की फुकट तिकीट देतात. तेव्हा आबांनी आणि सासूबाईंनी नात बघायला यावं. नात चालायला लागली तरी दोघांनी तिला फोटोतच पाहिलेलं. आबांना फुकटाचं कौतुक नव्हतं, पण मैलांचं नवल वाटलं. "आमच्या म्हाताऱ्यांनी जलमभर मेंढरं हाणली, कुणी एक मैल जमा धरला न्हाय. आन् ह्यो गडी बसून जातो, झोपून जातो, तरी मैल त्याचंच?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या यष्टीच्या पासावर किती साठलं?" थोरला जावई म्हणून माझा मान एवढाच.

दोघांचे पासपोर्ट निघाले आणि आबा तयारीला लागले, तेही मेंढपाळाच्या रीतीनं. कळप हलण्याआधी एक जाणता पुढं जाऊन चारापाणी बघून येतो. म्हणून आबा एकटेच मुंबईला जाऊन विमानतळ बाहेरून बघून आले. "पाणी हाय, सावली हाय, पर बूड टेकलं की पोलीस उठीवतोय," अशी खबर आणली. मग बसण्याचा सराव. ओसरीवर लाकडी खुर्ची, गुडघे जवळ, कमरेला पट्टा म्हणून उपरणं आवळलेलं, असे ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले. जेवणही मांडीवरच. शेजारचे तात्या घाबरून विचारायला आले, "आबा, तब्बेत बरी न्हाय का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना बसवलं. धुणं पडलंय म्हणून त्या उठायला लागल्या, तर आबा गरजले, "इमानात कुठलं आलंय धुणं?"

शेवटी मैल भरले, पण एकाच तिकिटापुरते. त्यातच साडूनं फिरतीची नोकरी सोडली होती, म्हणजे पुढचे मैल आता साठणार नव्हते. तिकीट कुणाच्या नावाचं काढू, असं मेव्हणीनं फोनवर विचारलं. आम्ही सगळ्यांनी आबांचंच नाव धरून ठेवलं होतं. गावातल्या फोनच्या बूथमधून आबा ओरडले, "आईच्या नावाचं काड!"

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आवो, मला काय येतंय? समदं तर तुमी शिकून बसलाय."

"बिऱ्हाड आदी जातंय," आबा म्हणाले. "घोड्यावर संसार लादून बाई म्होरं जाती, चूल मांडती. बाप्या मेंढरं घिऊन मागनं येतो. रीतच हाय आपली."

मागनं जायला वाट उरलेली नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

सासूबाईंना विमानात बसवून आम्ही शेळगावला परतलो. ओसरीवर टेकल्यावर मी न राहवून विचारलं, "आबा, तुम्हाला जायचं नव्हतं का?"

"लई जायचं हुतं," ते म्हणाले. "नात बगायची हुती." मग पायाकडे बघत म्हणाले, "पर पोरगी फोनवर 'बरं हाय, बरं हाय' म्हंती, तवाच मला उमगतं. बापाला पोरी बरं हाय म्हंत्यात. रडायला आईच लागती, पाव्हणं."

एवढं बोलून ते चरवी घेऊन धारेला उठले. सासूबाईंच्या हाताला सरावलेली म्हैस त्यांना कासेला हात लावू देईना, आणि आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसतेच उभे राहिले.