बटणाला हात लावायचा नाही!

घोटभर चहा आधी गिळा, मगच ऐका. नाहीतर ठसका लागेल. माझ्या भ्रमाचा भोपळा फुटला तो घरात नाही, भर मुरबाडात, चार गिऱ्हाइकांसमोर!

आमचं गाव धसईच्या पुढे. गावात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटाच. सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगलंय, आता बोला!

आमची आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. अक्षरओळख नाही, पण हळदीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी तोंडपाठ! गेल्या वर्षी मी ती तिच्याच आवाजात लॅपटॉपमध्ये भरून घेतली. पुढे आत्याचा घसा गेला. डॉक्टर म्हणाले, आता गाणं नाही. तिच्या नातीच्या लग्नात हेच धवले लावायचे होते. दुसरीकडे कुठे कॉपी ठेवली होती का? छे! मी असताना कॉपी कशाला?

लग्न दोन दिवसांवर आलं आणि लॅपटॉप म्हणाला, रिस्टार्ट कर. केला. झालं! काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या ओळीच ओळी. वरची तेवढी मी वाचली: सिस्टमच्या फाइली खराब झाल्यात, दुरुस्ती चालू आहे, बंद करू नका.

"कुणी हात लावायचा नाय!" मी ओरडलो.

तासाभराने ओळी थांबल्या. खाली एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

"धुगधुगी हाय अजून," शेजारचे नाना म्हणाले.

बातमी पसरली. माणसं दारात चपला काढून आत येऊ लागली. गिरणीवाल्याने व्होल्टेज पडू नये म्हणून भाताची गिरणी थांबवली! एवढ्या माणसांत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मीसुद्धा भारावून त्या रेघेपुढे हात जोडले. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात आत्याचं बोट बटणांकडे आलं. "बाला, यो एक दाबून बघू का?"

मी तिच्या हातावर फटका मारला. सख्ख्या आत्याच्या!

आणि लाईट गेली. बॅटरी जेमतेम तासाभराची. मुरबाडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात इन्व्हर्टर होता. काढली मोटरसायकल! मागे आत्या, तिच्या मांडीवर उघडा लॅपटॉप, वरून ऊन लागू नये म्हणून पदर.

धसईच्या बाजारात ही गर्दी! एका भाजीवालीने पदराखालचं गाठोडं बघितलं. "काय झाला गो पोराला?"

"सकाळधरनं शुद्ध नाय," आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

अहो, अख्खा बाजार बाजूला झाला! पाट्या उचलल्या, टेम्पो मागे गेला, कुणी आत्याच्या हातात पाण्याची बाटली कोंबली. माणसांची ही माया बघून माझे डोळे भरून आले. पण खरं सांगायची छाती होते कुणाची?

दुकानातल्या ताईंनी पदर सारला आणि पडदा वाचला. "हे कधीपासून असंय?"

"सकाळपासून. दुरुस्ती चालू आहे," मी ऐटीत म्हणालो.

"ती सकाळीच संपलीय. शेवटची ओळ वाचली नाय का? पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा."

ताईंनी एक बटण दाबलं. लॅपटॉप चालू! गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसली. आत्या मात्र आपला हात चोळत राहिली.

धवल्यांची फाइल शाबूत होती. खात्रीसाठी ताईंनी ती मधूनच लावली. आत्याचा तो जुना, खणखणीत आवाज दुकानभर पसरला आणि हसणारे गप्प झाले. आत्या डोळे मिटून नुसते ओठ हलवत होती. एवढं सगळं या बाईने कसं लक्षात ठेवलं असेल?

लग्नाच्या दिवशी मी स्वतः लॅपटॉप स्पीकरला जोडला. आत्या पहिल्या रांगेत. मांडव चिडीचूप. फाइल अगदी सुरुवातीपासून लावली.

धवल्याच्या आधी माझाच गेल्या वर्षीचा आवाज दणाणला: "आत्या, कशाला हात लावू नकोस! यातलं तुला काय कळतं? मी आहे ना!"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. आत्याने बोट वर केलं.

"बाला, आता दाबू का?"