मारुतरावांचे मोकळे हात

प्रभावतीचं तोंड फटकळ आहे, हे गाझियाबादच्या त्या हॉस्पिटलात लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिला कुणी काढत नसे. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. ती उठून पळू बघतात, नळ्या उपसतात, पोटच्या मुलाला चोर ठरवतात. अशांच्या उशाशी दिवसभर बसायचं, हे तिचं काम. सोपं वाटतं? एक दिवस बसून बघा, संध्याकाळपर्यंत तुम्हालाच भ्रम होईल.

मूळची ती कोरेगाव तालुक्यातली. नवरा फौजेत ड्रायव्हर, म्हणून एकोणिसाव्या वर्षी दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये आली ती इथलीच झाली. नवरा गेल्यावर दिरांनी गावी बोलावलं, ही गेली नाही. कामावर तिचा एकच हट्ट असे: पेशंटचे हात बांधायचे नाहीत. त्याला कारण होतं. शेवटच्या दुखण्यात तिची सासू अशीच बरळायला लागली, तेव्हा दवाखान्यात तिचे हात खाटेच्या दांडीला बांधले होते. प्रभावतीला विचारून बांधले होते. तिने मान डोलावली होती. चार दिवसांनी सासू गेली, तेव्हा मनगटांवर वळ तसेच होते. प्रभावतीने त्याबद्दल स्वतःला माफ केलेलं नाही, आणि करण्याचा तिचा विचारही नाही.

त्या मंगळवारी सात नंबरच्या खाटेवर मारुतराव होते. वय अठ्ठ्याहत्तर, फौजेतले रिटायर्ड हवालदार, आयुष्य लष्करी गाड्या दुरुस्त करण्यात गेलेलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर आले ते थेट चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्कशॉपमध्ये. सकाळपासून त्यांनी हातातली सलाईनची सुई दोनदा उपसली होती. चादर रक्ताने भरली होती.

“दीदी, तीसरी बार निकाली तो मैं हाथ बाँध दूँगी,” वॉर्डची मुख्य सिस्टर चेतना म्हणाली. “बेटा आकर फॉर्म साइन कर देगा. और तुम कल से मत आना.”

चेतना काही वाईट नव्हती. बावीस खाटा आणि दोन नर्सेस, करणार काय बिचारी? पण प्रभावती त्या वेळी कुणाला बिचारी म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

“बाँधना ही है तो मुझे किसलिए बिठाया?” ती म्हणाली. “पाँच बजे डॉक्टर आएँगे. तब तक हाथ मत लगाना.”

चेतना पाय आपटत गेली. इकडे मारुतरावांचा हात पुन्हा सलाईनकडे निघाला.

“पाइप गळतोय,” ते पुटपुटले. “पेट्रोल जातंय सगळं.”

“अहो, हे पेट्रोल नाही, औषध आहे. तुम्ही हॉस्पिटलात आहात,” प्रभावतीने खरं ते सांगितलं आणि पस्तावली. म्हातारा असा भडकला की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. खरं बोलून कुणाचं भलं होतं, असं नाही.

मग तिला नवऱ्याचं बोलणं आठवलं. गाडी वर्कशॉपला लावली की तो तासन् तास खोळंबून यायचा आणि मेकॅनिक लोकांच्या नावाने खडे फोडायचा. समोर इंजिन उघडं पडलेलं असलं तरी जॉब कार्ड, म्हणजे साहेबांच्या सहीचा कामाचा कागद, आल्याशिवाय ते पान्याला हात लावत नाहीत म्हणून.

प्रभावती उठून उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, “हवालदारसाहेब, या गाडीचं जॉब कार्ड निघालेलं नाही!”

हात जागच्या जागी थांबला. मारुतरावांनी तिच्याकडे पाहिलं, ओशाळले, आणि हात छातीवर ठेवून गप पडून राहिले. अर्धा तास गेला, तास गेला. मधूनच ते विचारत, “आलं का?” ती सांगे, “नाही अजून.” फौजेतल्या माणसाला वाट बघायला शिकवावं लागत नाही.

चारच्या सुमारास मुलगा आला. कौस्तुभ, गुडगावला नोकरी, गळ्यात ऑफिसचं कार्ड, डोळे जागून लाल. हात बांधायच्या परवानगीचा फॉर्म तो काउंटरवर सही करून घेऊन आला होता. तो त्याने खाटेवर ठेवला मात्र, मारुतरावांनी झडप घालून उचलला.

“आलं कार्ड!” आणि दुसरा हात सुईकडे वळला.

प्रभावती पुढे झाली. पण तिने तो हात धरला नाही. धरला असता तर बांधल्यासारखंच झालं असतं.

“साहेब, आधी वाचा तर! सह्या पुऱ्या आहेत का बघा.”

मारुतरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बोट खाली खाली सरकत गेलं आणि मुलाच्या सहीवर थांबलं.

“आता तुम्हीच विचारा त्यांना,” प्रभावती कौस्तुभला म्हणाली. “हात त्यांचे आहेत. माझे नाहीत, तुमचे नाहीत, सिस्टरचेही नाहीत.”

“त्यांना काय कळणार आहे, काकू? प्लीज यार, मी तीन दिवस झोपलेलो नाही.”

“कळो न कळो. विचारायला काय जातं?”

कौस्तुभ वैतागून वाकला. “बाबा, तुमचे हात बांधायचे म्हणतायत. बांधू?”

मारुतरावांनी कागदावरचं बोट उचलून मुलाकडे रोखलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “तू अंगठा चोखायचास. पाच वर्षांचा घोडा झालास तरी. तुझी आई म्हणायची, रात्रीचे हात बांधा त्याचे. मी बांधले का रे?”

कौस्तुभने वडिलांच्या हातातून फॉर्म हळूच सोडवला, खिशातलं पेन काढलं आणि आपली सही आडवी-उभी खोडून टाकली. पेनाने कागद फाटला.

चेतना फॉर्म न्यायला आली तेव्हा हे बघून तिचा पारा चढला. “अच्छा! और अब सुई निकाल दी, ये गिर गए, तो ज़िम्मेदार कौन? किसका नाम लिखूँ मैं?”

“मेरा लिखो,” प्रभावती म्हणाली. “पूरा नाम लिखो.”

चेतनाला वाटलं, बाई कचरेल. तिने खरोखरच पेन उघडलं. प्रभावतीने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आपलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, आणि सिस्टरच्या खांद्यावरून वाकून ते नीट लिहिलंय की नाही, तेही बघितलं.