दाराशी एकच कान

राजेश्वरहून कलबुर्गीला जाताना बसमध्ये शेजारची पोरगी मांडीवर लॅपटॉप घेऊन कोड लिहीत होती. तिनं केलेलं तुरीच्या भावाचं वेबपान तिच्या आईच्या जुन्या फोनवर सारखं अडकत होतं. मी न राहवून विचारलं, "काय झालं?"

"प्रत्येक गावाच्या बटणावर वेगळा कोड कान देऊन बसलाय. फोन दमायलाय. दार वाजलं की घरातल्या समद्यांनी कामून उठायचं? एकानं ऐकावं, ज्याचं त्याला सांगावं."

तिनं भराभर ओळी पुसल्या, अख्ख्या यादीला मिळून एकच कान ठेवला आणि फोन पुढच्या सीटवर आईला दिला.

"माय, खजुरी गावाचं बटण दाब."

आईनं दाबलं. सवयीनं पुन्हा दाबायला अंगठा उचलला, तर भाव समोर हजर.

"अगं, जागाच व्हता की ह्यो!"