वर काढलेला बार

उकंडाजी कचेरीच्या आवारात आले की जोडे काढून काखेत धरायचे आणि मगच माझ्यासमोर बसायचे. अकोल्याच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहीत असे. काहीही सांगितलं की त्यांचा एकच सवाल, "पंतजी, हे कायद्यात बसते काय?" शेजाऱ्याची बाभूळ आपल्या बांधावर झुकली, तर तिची फांदी तोडण्याआधी हा बाबा तीन कोस चालत मला विचारायला आला होता! मी त्यांची भरपूर टिंगल केली. पण इतका सरळ माणूस त्या दिवसांत वऱ्हाडात शोधूनही सापडला नसता.

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाला सोन्याचे दिवस आले. भाव आणखी चढेल म्हणून लोक कापूस विकेनात, घरातच भरू लागले. उकंडाजींच्या माजघरात तर आढ्यापर्यंत कापूस. त्यातल्या बोळकांडीतून त्यांची बायको सरूबाई स्वयंपाकघरात ये-जा करायची. तिकडे दुसरं दार नव्हतं. दरोड्यांच्या बातम्या येऊ लागल्या तशी उकंडाजींनी ठासणीची बंदूक घेतली. परवान्याचा अर्ज मीच लिहिला.

चोर आला तर काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, जिवावर बेतलं तरच माणसावर झाडायची, पळणाऱ्यावर नाही. आधी ओरडायचं, मग वर बार काढायचा. यातलं वर बार काढायचं कायद्यात कुठेच नव्हतं, ते मी पदरचं घातलं. शहाणपणा मिरवायचा होता, दुसरं काय! जन्मात मी बंदूक हातात धरली नव्हती.

फाल्गुनात एका दुपारी दोघे जण पुढच्या दारानं शिरले. उकंडाजी ओरडले. ते हटेनात, तेव्हा त्यांनी नळी आढ्याकडे करून बार काढला. चोर पळाले. दारूवर ठासलेली चिंधी मात्र जळत जळत कापसावर येऊन पडली. सरूबाई आत भाकरी थापत होती.

चौकशीत साहेबानं उकंडाजींना निर्दोष ठरवलं. चोराचासुद्धा जीव घेतला नाही म्हणून वर शाबासकी दिली. कोपरापर्यंत भाजलेले हात घेऊन ते माझ्यापाशी येऊन बसले.

"तुमी सांगतलं तसंच केलं म्या," ते म्हणाले. त्यात दोष देणं नव्हतं, तेच मला सोसवेना. मग हळूच म्हणाले, "पंतजी, वर बार काढा असं ज्यानं कायद्यात लिहिलं, त्याच्या घरी कापूस नसंन."

ते माझंच होतं, एवढं बोलायला माझं तोंड उघडलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो. पोळ्याच्या आधीच उकंडाजी गेले.