शेवटचं नाव कुसुमबाईंचं

कुसुमबाई महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी लिहायच्या आणि वेळ कमी पडला की आधी तेच खोडायच्या. आमच्या शेजारच्या या निवृत्त गायन शिक्षिकेनं बालाघाटचा कलामहोत्सव सुरू केला, तो खरं तर स्वतःला गायला मिळावं म्हणून. पहिल्या वर्षी त्यांच्या ओसरीवर आम्ही बारा श्रोते होतो; त्यांतले चार घरचेच. आता शाळेचं मैदान पुरत नाही. चित्रं, कविता, कथक, दंडारीचं लोकनाट्य, सगळं एकाच दिवशी. वेळापत्रक मी आखतो, म्हणून सांगतो: महोत्सव वाढला तसं बाईंचं गाणं आक्रसत गेलं, मग बंदच झालं.

मी कुरकुरायचो. त्या म्हणायच्या, "काहून रे मनोहर? कटंगीहून पोरगी आली नाचाले, तिले वापस पाठवू? मी तं इथंच राह्यते."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन सांगितलं. नंतर आवाज राहील याची खात्री नव्हती. मी बाईंचं गाणं राजेगावच्या दंडारीच्या आधी ठेवलं. पण कविता लांबल्या आणि मैदान सातला सोडायचं होतं. दोन्ही होणं शक्य नव्हतं. बाई म्हणाल्या, "दंडार उभी करा."

दंडारीत बायकांची कामंही पुरुषच करतात. लुगडं नेसून तयार असलेल्या राजेगावच्या गणपतभाऊंना मी ऑपरेशनचं सांगितलं. ते तडक बाईंपुढे आले. "बाई, आमच्यात बाईमाणूस कधी उभं राह्यलं नाही. पण आज सुरवातीचा गण तुमीच म्हणा."

"वा रे! मिशीवाला लुगडं नेसून मले बोलावते?"

"मिशी सकाळीच काढली, बाई. तुमच्याच महोत्सवापायी."

बाई उभ्या राहिल्या. पहिली ओळ कापरी गेली. दुसऱ्या ओळीला ढोलकीवाल्यानं हात हलका केला, चित्रकारांनी कुंचले खाली ठेवले. चार ओळींचा गण बाई फिरवत राहिल्या. दर वेळी तो नवाच वाटे. सात वाजून गेले. मैदान रिकामं करा म्हणून सांगायला आलेला चौकीदार चपला काढून खाली बसला.

ऑपरेशननंतर आवाज परतला नाही. मात्र बाई वर्षभर बसनं राजेगावला जात राहिल्या. यंदा दंडारीचा गण गणपतभाऊंच्या सुनेनं म्हटला. चौकीदार या वेळी आधीच चपला काढून बसला होता.

"आवाजाशिवाय शिकवलं कसं?" मी विचारलं.

बाई पुटपुटल्या, कान जवळ न्यावा लागला: "पेटीवर सूर दाखवले. मले गाऊन दाखवता येत नाही ना, म्हणून तं ते पोरगी माह्यासारखी नाही, सोतासारखी गाते."