वाळ्यांसकट वजन

नव्वदच्या दशकात मी शाहूपुरीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात ब्रदर म्हणून लागलो. पेशंटचे नातेवाईक माझ्यावर खूश असत. मीही माझ्यावर खूशच होतो.

गडमुडशिंगीची एक बाई तिथं होती. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, जेमतेम दीड किलोचं. अंगावर ओढायला ताकद नव्हती, म्हणून नळीनं दूध चाललेलं. रोज सकाळी बाळाला उघडं करून काट्यावर ठेवायचं आणि आकडा लिहायचा, हे माझं काम. त्या आकड्यावर डॉक्टर पुढचं ठरवत.

बाराव्या दिवशी आजीनं वॉर्डातच बारसं उरकलं. बाळाच्या पायांत चांदीचे वाळे, कमरेला चांदीचा करदोटा. दुसऱ्या दिवशी मी ते काढायला गेलो, तर आजीनं हात धरला. सव्वा महिना बारशाचं अंगावरनं उतरवत नाहीत म्हणे. त्या सकाळी वॉर्डच्या सिस्टर असत्या तर समजावून काढलेच असते. मी पडलो लोकप्रिय माणूस. म्हटलं, राहू द्या आजी, एवढ्याशा चांदीचं काय वजन!

एका दिवसात नव्वद ग्रॅम वाढ. मी आकडा लिहिला आणि वॉर्डभर सांगत सुटलो. बाळाच्या आईनं तेवढं बाळ हातावर तोलून बघितलं.

"ब्रदर, हाताला हलकंच लागतंय की ओ," ती म्हणाली.

"तुमचा हात काय काटा हाय व्हय?" मी म्हणालो. शेजारच्या बायका हसल्या. मला बरं वाटलं.

वाढ बघून डॉक्टरांनी नळी काढली आणि अंगावरच पाजायला सांगितलं. बाळ दोन घोट ओढायचं आणि दमून झोपायचं. दोन दिवसांत आकडा घसरला. राउंडला डॉक्टर त्या आईवरच चिडले. वेळच्या वेळी पाजत नाही, झोपा काढते, असलं बरंच बोलले. ती मान खाली घालून पदर चाचपत राहिली. मी फाईल धरून शेजारीच उभा होतो. वाळे तेव्हा आठवले मला. बाळाच्या पायांतच तर होते. तरीही मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टर गेल्यावर आई तोंड धुवायला बाहेर गेली, तेव्हा सिस्टरनी बाळाचं दुपटं सोडलं. वाळे आणि करदोटा काढून नुसतेच काट्यावर ठेवले. सत्तर ग्रॅम.

"ब्रदर, बाळ वाढलंतं का चांदी?"

नळी पुन्हा घालायची वेळ आली, तीही माझ्याच हातून. बाळाचं डोकं आईनं धरलं होतं. नाकातून नळी सरकताना ते रडलं, पण आवाज असा निघालाच नाही. डॉक्टरांना मी लेखी माफीनामा दिला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. ते सोपं गेलं. आईनं विचारलं, "असं कसं झालं ओ?" तेव्हा मात्र मी म्हणालो, "काटा बिघडलाता."

तिला ते पटलं. तिच्या चेहऱ्यावर तर सुटल्यासारखं दिसलं, कारण चूक तिच्या दुधाची नव्हती.

"मग आता दुरुस्त झाला न्हवं?"

"झाला," मी म्हणालो.

पुढं बाळ खरोखरच वाढलं आणि तीन आठवड्यांनी घरी गेलं. तोवर रोज सकाळी ती काट्याजवळ यायची आणि मला विचारायची, "आज नीट हाय न्हवं काटा?" आणि मी रोज, तिच्याकडं न बघता, हो म्हणायचो.