समोर नाई, बाजूले

अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यात भागीरथाबाई आया होती. शिक्षण दुसरी, पण तोंड असं की मोठ्या डॉक्टरलाही "पाय पुसून या" म्हणेल! तिचा धाकटा भाऊ डोमाजी पंचविशीचा झाला, तरी कुणाच्या नजरेला नजर देत नसे. जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की कान दाबून ओरडे. एरवी दिवसभर अंगणात बसून कापसातली कवडी, म्हणजे डागी, किडका कापूस, वेगळी काढी. काम मात्र एवढं चोख, की कुणाची बोट ठेवायची टाप नव्हती.

सत्तावन्न साली शेजाऱ्यांनी अर्ज केला: हा पागल आहे, नागपूरच्या पागलखान्यात धाडा. तपासायला आले डॉक्टर खुशालराव, नुकतेच पास झालेले, कोरे करकरीत. त्यांनी डोमाजीसमोर उभं राहून सरबत्तीच लावली. "नाव काय? आज वार कोणता? इकडे बघ!" आणि हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. डोमाजी किंचाळला. साहेबांनी पेन काढलं.

पण गप्प बसेल ती भागीरथा कसली!

"थांबा, डॉक्टरसाहेब! त्याच्या मांगं कावून लागून राहिले तुमी? खाली बसा. समोर नाई, बाजूले. तोंड बंद ठेवा अन् कापूस निवडा."

साहेब बसले बापडे, पॅन्टची इस्त्री सांभाळत. अर्धा तास गेला. त्यांनी एक डागी कापूस चांगल्या ढिगात टाकला, तसा डोमाजीनं तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

"कवडी," तो म्हणाला. मग कापसाकडेच बघत, "नाव डोमाजी. वार शुक्रवार."

साहेबांनी कागदावर लिहिलं, घरीच राहू द्यावा. तेव्हा मात्र बाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

पुढे खुशालराव मोठे डॉक्टर झाले. मनाच्या आजारांचं शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला ते आधी बाईच्या अंगणात धाडत. बाई त्यांना झापी, चहा पाजी, पण खुर्ची काही देत नसे.

सदुसष्ट साली एक नवी डॉक्टरीण आली. बाई बाजारातून परतली, तर पोरगी दाराशीच घुटमळत उभी. डोमाजीनं मान वर केली नाही. तो जरा सरकला आणि गोणपाटाची मोकळी जागा हातानं थोपटली.

"बाजूले," तो म्हणाला.

बाईचे डोळे भरून आले. ती गुपचूप चहा ठेवायला आत गेली. आज शिकवायला तिची गरज नव्हती.